मेनू उघडत नाही, पट्टी बारीक छापते: बूटस्ट्रॅपचं व्हर्जन बदललं की पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी

मोबाइलवर मेनूचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. काट्यावरच्या वजनाची पट्टी छापली तर अक्षरं वाचता येत नाहीत इतकी बारीक येतात. यादीतली रंगीत लेबलं गायब होतात. फॉर्मातले रकाने एकमेकांना चिकटतात. या तक्रारी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून येतात, म्हणून त्या वेगवेगळ्या वाटतात आणि प्रत्येकीवर वेगळं ठिगळ लावलं जातं. आपल्याकडच्या जिनिंगच्या, केळी व्यापाऱ्यांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या साइट उघडून बघितल्या की बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट निघते. बूटस्ट्रॅप म्हणजे साइटचं रूप, मेनू, फॉर्म यांसाठीचा तयार कोड. पान त्याच्या एका व्हर्जनसाठी लिहिलेलं असतं आणि फाइल दुसऱ्याच व्हर्जनची लोड होत असते.

हे का घडतं ते या साइट बनतात कशा यावरून कळतं. जळगावातल्या किंवा धुळ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने शेवटच्या वर्षाला असताना साइट बनवून दिली, ती बूटस्ट्रॅप ३ वर. तो नोकरीला पुण्याला गेला. पुढे दुसऱ्याने तिच्यात हिशोबाची पानं वाढवली, ती ४ च्या पद्धतीने. मग कुणीतरी नवीन फॉर्म हवा म्हणून ५ चा कोड आणून चिकटवला आणि तो नीट दिसावा म्हणून वरच्या लिंकमधला आकडा बदलला. नवा फॉर्म छान दिसला, काम संपलं. बाकीच्या पानांचं काय झालं ते दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू झाली की कळतं, कारण ती पानं तोवर कुणी उघडलेलीच नसतात. मग सकाळी सकाळी फोन येतो, "दादा, काय व्हयनं काय माहीत, मेनू उघडतच नही!"

अडीच इंची पाइपाला दोन इंची कपलर दाबून बसवावं, तसं हे आहे. पाणी येतं, पण सांध्यासांध्यातून गळतं. प्रत्येक गळतीवर चिंधी बांधत बसण्यापेक्षा पाइप कोणता आणि कपलर कोणतं ते आधी बघायचं.

या तक्रारीची खरी अडचण अशी, की सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, कधीच ओरडत नाही. पीएचपीत चूक झाली तर पान थांबतं, जावास्क्रिप्टमध्ये चूक झाली तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल ओळ येते. पण सीएसएसमध्ये नसलेला क्लास (टॅगला नियम जोडणारं नाव) तुम्ही लिहिलात तर ब्राउझर तो गुपचूप सोडून देतो. व्हर्जन बदलताना क्लासची नावं बदलतात, जुनी नावं पानावर तशीच राहतात, आणि कुठेही एका शब्दाची सूचना येत नाही. म्हणून इथे लक्षणांवरूनच निदान करावं लागतं. (क्लासची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत असतात.)

आधी दोन व्हर्जन शोधा: फाइलचं आणि पानाचं

फाइलचं व्हर्जन शोधणं सोपं. पानाचा सोर्स उघडा, बूटस्ट्रॅपच्या सीएसएस फाइलच्या लिंकवर क्लिक करा, फाइलच्या अगदी सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये व्हर्जनचा आकडा लिहिलेला असतो. मग जावास्क्रिप्टच्या फाइलसाठीही तेच करा. हे दुसरं पाऊल बरेच जण गाळतात. सीएसएसची लिंक हेडर फाइलमध्ये असते, जावास्क्रिप्टची फूटरमध्ये. हेडर उघडून आकडा बदलणारा माणूस फूटरकडे जात नाही, आणि सीएसएस एका व्हर्जनचं, जावास्क्रिप्ट दुसऱ्याचं अशी जोडी तयार होते. फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका. 'बूटस्ट्रॅप डॉट मिन डॉट सीएसएस' या नावाखाली काहीही असू शकतं.

कन्सोलमधूनही कळतं. 'बूटस्ट्रॅप डॉट टूलटिप डॉट व्हर्जन' असं टाइप करा, टूलटिपचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटचा शब्द पूर्ण कॅपिटल अक्षरांत. ४ आणि ५ मध्ये थेट आकडा मिळतो. 'बूटस्ट्रॅप इज नॉट डिफाइन्ड' असं उत्तर आलं तर एकतर ३ आहे, नाहीतर फाइल लोडच झालेली नाही.

पान कोणत्या व्हर्जनसाठी लिहिलंय ते त्याच्या क्लासवरून ओळखायचं. 'पॅनल', 'वेल', 'ग्लिफआयकॉन', 'कॉल-एक्सएस', 'बीटीएन-डिफॉल्ट', 'आयएमजी-रिस्पॉन्सिव्ह' दिसलं की ३. 'कार्ड' आहे पण सोबत 'एमएल-३', 'एमआर-ऑटो', 'बॅज-सक्सेस', 'कस्टम-सिलेक्ट' आणि साधं 'डेटा-टॉगल' आहे, तर ४. 'डेटा-बीएस-टॉगल', 'एमएस', 'एमई', 'फॉर्म-सिलेक्ट', 'एफडब्ल्यू-बोल्ड', 'बीटीएन-क्लोज' म्हणजे ५. एकाच पानावर तिन्ही सापडले तरी नवल मानू नका, ते कोणत्या भागात कोणतं आहे तेवढं टिपून ठेवा.

शंका राहिली तर बिघडलेल्या भागावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. टॅगवर क्लास लिहिलेला आहे, पण बाजूच्या नियमांच्या यादीत त्या क्लासच्या नावाने एकही नियम नाही, तर लोड झालेल्या व्हर्जनमध्ये तो क्लासच नाही. याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

थोडा इतिहास इथे उपयोगी आहे. बूटस्ट्रॅप ट्विटरमध्ये मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बनवलं आणि ऑगस्ट २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ३ आलं ऑगस्ट २०१३ मध्ये, ४ जानेवारी २०१८ मध्ये, ५ मे २०२१ मध्ये. साइट कोणत्या साली बनली हे मालकाला आठवत असतं, आणि तेवढ्यावरून पहिला अंदाज बांधता येतो.

मेनू, ड्रॉपडाउन, पॉपअप उघडत नाही

४ वरून ५ वर गेल्यावर हे हमखास होतं. ५ मध्ये बूटस्ट्रॅपच्या सगळ्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये 'बीएस' घातलं गेलं. 'डेटा-टॉगल'चं 'डेटा-बीएस-टॉगल', 'डेटा-टार्गेट'चं 'डेटा-बीएस-टार्गेट', 'डेटा-डिसमिस'चं 'डेटा-बीएस-डिसमिस'. हेतू चांगला होता, इतरांच्या ॲट्रिब्यूटशी घोळ होऊ नये हा. पण जुन्या पानावरचं बटण आता बूटस्ट्रॅपला ओळखूच येत नाही. दुरुस्ती करताना 'डेटा-' दिसेल तिथे 'डेटा-बीएस-' असं सरसकट बदलू नका. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये 'डेटा-आयडी', 'डेटा-रेट' असली नावं असतात, तीही बदलतील आणि मग भाव उचलणारी स्क्रिप्ट बंद पडेल. टॉगल, टार्गेट, डिसमिस, पेरेंट, स्लाइड, राइड, प्लेसमेंट अशी एकेक नावं घेऊन बदला.

दुसरं कारण पॉपर. ड्रॉपडाउन आणि टूलटिपला जागा शोधून देणारी ही वेगळी लायब्ररी ४ पासून लागते. बूटस्ट्रॅपच्या दोन प्रकारच्या फाइल असतात: नावात 'बंडल' असलेलीत पॉपर आत असतं, नसलेलीत नसतं. कन्सोलमध्ये पॉपर हवं अशी तक्रार दिसली तर बंडलवाली फाइल लावा, विषय संपला.

तिसरं, जेक्वेरी, म्हणजे जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारी जुनी लायब्ररी. ५ ला जेक्वेरी लागत नाही, म्हणून कुणी ती काढून टाकतं, आणि मग त्याच साइटवरची डेटाटेबल, तारखेचा कॅलेंडर, फॉर्म पाठवणारा कोड सगळं एकदम बंद होतं. बूटस्ट्रॅपला लागत नाही म्हणून तुमच्या साइटला लागत नाही असं होत नाही. उलट बाजूचीही गंमत समजून घ्या. पानावर जेक्वेरी असेल तर ५ सुद्धा स्वतःचे प्लगइन तिच्यात जोडतं, पण पान पूर्ण वाचून झाल्यावर. त्यामुळे पानाच्या मध्येच लिहिलेली, लगेच पॉपअप उघडणारी जुनी ओळ 'मोडल इज नॉट अ फंक्शन' म्हणून पडते. ती ओळ जेक्वेरीच्या 'रेडी'मध्ये हलवा आणि तुमची स्क्रिप्ट बूटस्ट्रॅपच्या फाइलच्या खाली ठेवा.

४ च्या नमुना पानावरून कोड उचलल्यावर होणारा घोटाळा वेगळा आहे आणि तो सापडायला फार वेळ खातो. त्या नमुन्यात जेक्वेरीची 'स्लिम' आवृत्ती असते. तिच्यात 'एजॅक्स', म्हणजे पान न बदलता सर्व्हरकडे माहिती पाठवायची सोय, नसते. तुमच्या पानावर पूर्ण जेक्वेरी आधीच असते, खाली ही स्लिम दुसऱ्यांदा लोड होते आणि पहिलीला झाकून टाकते. मेनू उत्तम चालतो, पण 'जतन करा' दाबलं की काहीच होत नाही. कन्सोलमध्ये 'एजॅक्स इज नॉट अ फंक्शन' दिसलं तर जेक्वेरी किती वेळा लोड होते ते मोजा.

बूटस्ट्रॅपची जावास्क्रिप्ट दोनदा लोड झाली तर ड्रॉपडाउन उघडून त्याच क्षणी मिटतो, कारण एकच क्लिक दोघंही ऐकतात. वापरणाऱ्याला तो उघडलाच नाही असं वाटतं.

आणि आता सगळ्यात फसवं लक्षण. पान नीट दिसतं, पण कुठेच क्लिक होत नाही. हे सीएसएस ३ चं आणि जावास्क्रिप्ट ४ चं अशी जोडी लागली की होतं. पॉपअप दिसावा म्हणून ३ चं सीएसएस 'इन' या क्लासची वाट बघतं, ४ ची जावास्क्रिप्ट मात्र 'शो' लावते. पॉपअप आणि त्यामागचा काळा पडदा दोन्ही पानावर येतात, पण पूर्ण पारदर्शक राहतात. माणूस त्या न दिसणाऱ्या पडद्यावर क्लिक करत बसतो. ऑपरेटर म्हणतो कॉम्प्युटर हँग झाला, मग मशीन बंद-चालू होतं, नेट बदललं जातं, आणि काट्यावर गाड्यांची रांग वाढत जाते. इन्स्पेक्टमध्ये बॉडीच्या शेवटी 'मोडल-बॅकड्रॉप' नावाचा डिव्ह दिसला की ओळखा.

३ वरून पुढे येताना मोबाइलच्या मेनूची रचनाही बदलते. 'नॅवबार-टॉगल'चं 'नॅवबार-टॉगलर' होतं, तीन रेघांचे तीन स्पॅन जाऊन एकच आयकॉन येतो, आणि मेनू कोणत्या रुंदीला पसरायचा ते 'नॅवबार-एक्सपँड' लिहून सांगावं लागतं. ४ मध्ये 'नॅवबार-लाइट' किंवा 'नॅवबार-डार्क' लिहिलं नाही तर बटण असतं पण रेघा दिसत नाहीत. ५ मध्ये नॅवबारच्या आत कंटेनर लागतोच, नाहीतर लोगो आणि मेनू विस्कटतात.

रकाने विस्कटले

३ वरून ४ वर जाताना सगळ्यात जास्त नुकसान करणारा बदल नावात नाही, त्या नावाच्या अर्थामध्ये आहे. 'कॉल-एमडी-६' हा क्लास दोन्हीकडे आहे. ३ मध्ये तो ९९२ पिक्सेलपासून लागू होतो, ४ मध्ये ७६८ पासून. क्लास सापडतो, नियम लागतो, इन्स्पेक्टमध्ये सगळं ठीक दिसतं, आणि तरी टॅबलेटवर फॉर्म दोन अरुंद रकान्यांत कोंबला जातो. ४ मध्ये ५७६ पिक्सेलची एक नवी पायरी खाली घातली गेली, म्हणून सगळी नावं एकेक पायरी सरकली.

त्यामुळे ३ चा 'एसएम' म्हणजे ४ चा 'एमडी', ३ चा 'एमडी' म्हणजे ४ चा 'एलजी', ३ चा 'एलजी' म्हणजे ४ चा 'एक्सएल'. 'कॉल-एक्सएस-६'चं नुसतं 'कॉल-६'. शोधून बदलताना क्रम उलटा ठेवा: आधी 'एलजी'चं 'एक्सएल', मग 'एमडी'चं 'एलजी', शेवटी 'एसएम'चं 'एमडी'. खालून सुरुवात केली तर आत्ताच बदललेलं नाव पुढच्या फेरीत पुन्हा बदलेल आणि अख्खी साइट 'एक्सएल'वर जाऊन बसेल. ऑफसेट लिहायची पद्धतही फिरली आहे, 'कॉल-एमडी-ऑफसेट-२'चं ३ ते ४ मध्ये 'ऑफसेट-एलजी-२' होतं.

३ मध्ये रकाने फ्लोटवर चालायचे, ४ पासून फ्लेक्सवर. 'रो' न लिहिता नुसते कॉल टाकले तरी ३ मध्ये ते शेजारी शेजारी बसायचे. ४ मध्ये बाहेर 'रो' नसेल तर ते एकाखाली एक पडतात. घाईत लिहिलेल्या जुन्या पानांवर हे खूप असतं.

'हिडन-एक्सएस' गेलं की दुकानाचं नाव मोबाइलवर दोनदा दिसतं, एकदा मोठं, एकदा छोटं, कारण लपवणारा क्लासच उरलेला नसतो. त्याच रुंदीला तोच परिणाम हवा तर 'डी-नन' आणि 'डी-एमडी-ब्लॉक' असे दोन क्लास एकत्र लिहा. मूळ अक्षराचा आकारही ३ मधल्या १४ पिक्सेलवरून ४ मध्ये १६ झाला, म्हणून मोजून बसवलेली रुंद टेबलं बाहेर येतात. टेबलावर 'टेबल-रिस्पॉन्सिव्ह'चा डिव्ह गुंडाळा. अक्षर पुन्हा १४ करायच्या फंदात पडू नका, मराठी मजकुराला १६ बरं पडतं.

"बाकी" दिसेनाशी झाली

या लक्षणाला मी वेगळी जागा देतो, कारण यात पैशाचा प्रश्न आहे. रावेर-सावदा भागातल्या केळी व्यापाऱ्यांच्या साइटवर एक यादी असते: शेतकऱ्याचं नाव, घडांचं वजन, भाव, रक्कम, आणि शेवटी एक लेबल, 'दिले' हिरवं किंवा 'बाकी' लाल. ४ मध्ये ही लेबलं 'बॅज' आणि 'बॅज-डेंजर' अशा दोन क्लासवर चालतात. ५ मध्ये 'बॅज-डेंजर' काढून टाकला, त्याऐवजी 'बीजी-डेंजर' लिहायचं. पण नुसत्या 'बॅज'ला ५ मध्ये अक्षरांचा रंग पांढरा ठरलेला आहे. लाल पार्श्वभूमी गेली, अक्षर पांढरं, पान पांढरं. 'बाकी' हा शब्द तिथे आहे, माउसने निवडला तर उठून दिसतो, पण डोळ्यांना ती जागा रिकामी. यादी बघणाऱ्याला वाटतं कुणाचंच देणं राहिलं नाही. व्हर्जन बदललं की ही यादी सगळ्यात आधी तपासा. आणि ही लेबलं बहुतेक पीएचपीच्या कोडमधून छापलेली असतात, म्हणून नुसत्या एचटीएमएल फाइलमध्ये शोधून ती सापडत नाहीत.

त्याच यादीत रकमेचे आकडे उजवीकडून डावीकडे सरकलेले दिसतील. ५ मध्ये 'टेक्स्ट-राइट'चं 'टेक्स्ट-एंड' झालं, 'फ्लोट-राइट'चं 'फ्लोट-एंड', 'एमएल'चं 'एमएस', 'एमआर'चं 'एमई', 'पीएल'चं 'पीएस', 'पीआर'चं 'पीई'. डावं-उजवं जाऊन सुरुवात-शेवट आलं, ते उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी. आपल्याकडे त्याचा थेट उपयोग आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेची साइट करायची असेल तर ५ ची आरटीएल फाइल लावायची, एचटीएमएल टॅगवर दिशा सांगायची, आणि तेच क्लास आपोआप उलट्या बाजूने बसतात. पूर्वी त्यासाठी अर्धं सीएसएस हाताने लिहावं लागायचं.

बदलताना एक सापळा आहे. 'एमएल-' शोधून 'एमएस-' केलं की 'एचटीएमएल-कंटेंट' असल्या नावांतली शेवटची दोन अक्षरंही बदलतात. 'टीएमपीएल-'मधल्या 'पीएल-'चंही तसंच. म्हणून पुढे ० ते ५ पैकी आकडा, 'ऑटो' किंवा 'एमडी'सारखी पायरी असेल तिथेच बदल होईल असा शोध लावा आणि मोजून बघा.

फॉर्मचे रकाने चिकटले तर 'फॉर्म-ग्रुप' बघा, ५ मध्ये तो नाही. त्या जागी 'एमबी-३' चालतं. लेबलला 'फॉर्म-लेबल' आणि सिलेक्टला 'फॉर्म-सिलेक्ट' द्या. 'इनपुट-ग्रुप-अपेंड'चा डिव्ह काढून टाका, आतला भाग थेट ठेवा. 'बीटीएन-ब्लॉक' गेला, बटण आखडलं. 'नो-गटर्स'चं 'जी-०' झालं. 'एसआर-ओन्ली'चं 'व्हिज्युअली-हिडन' झालं, म्हणून फक्त स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेले इंग्रजी शब्द अचानक पानावर उमटतात. ते काढून टाकू नका. अंध वापरकर्त्याला तेच शब्द ऐकू येतात. क्लासचं नाव बदला.

पट्टी बारीक छापते

स्क्रीनवर सगळं बरोबर आणि छापताना गडबड, म्हणून लोक प्रिंटर बदलतात, ड्रायव्हर टाकतात. प्रिंटरचा दोष नाही. बूटस्ट्रॅप ४ च्या छपाईच्या नियमांत कागदाचं माप ए३ दिलेलं आहे आणि बॉडी व कंटेनर या दोघांची किमान रुंदी ९९२ पिक्सेल ठरवलेली आहे. ए५ कागदावरची काटापट्टी किंवा छोट्या थर्मल रोलवरची पावती त्या रुंदीत बसवायची म्हणजे सगळं आकसणारच. ३ मध्ये हे नव्हतं, म्हणून ३ वरून ४ वर आलेल्या साइटला हा अनुभव येतोच.

उपाय: स्वतःची छपाईची सीएसएस फाइल बूटस्ट्रॅपच्या खाली लावा. तिच्यात पानाचं माप तुमच्या कागदाचं लिहा आणि बॉडी-कंटेनरची किमान रुंदी शून्य करा, पुढे 'इम्पॉर्टंट' लावून, कारण बूटस्ट्रॅपनेही ते लावलेलं आहे. एरवी मी 'इम्पॉर्टंट'च्या विरोधात आहे, इथे मात्र दुसरा मार्ग नाही. ५ मध्ये हे छपाईचे नियम काढून टाकले आहेत, त्यामुळे तिथे उलट सगळी जबाबदारी तुमची.

छापताना मेनू आणि बटणंही कागदावर येत असतील तर 'हिडन-प्रिंट' शोधा. ४ पासून त्याचं 'डी-प्रिंट-नन' झालं.

"आम्ही काहीच बदललं नाही"

हे वाक्य खरंही असू शकतं. सीडीएनच्या (तयार फाइल इंटरनेटवरून पुरवणाऱ्या सेवेच्या) लिंकमध्ये व्हर्जनच्या जागी 'लेटेस्ट' किंवा नुसता मोठा आकडा लिहिलेला असेल तर नवी फाइल आपोआप येते. पूर्ण आकडा लिहा, तिन्ही भागांसह. वर्डप्रेस असेल तर थीम अपडेट झाली असेल. मूळ थीमसोबत नवं बूटस्ट्रॅप आलं आणि चाइल्ड थीममधली तुमची पानं जुनीच राहिली. एनपीएमवर (लायब्ररी इन्स्टॉल करायच्या साधनावर) काम करणाऱ्याने व्हर्जन न सांगता नव्याने बूटस्ट्रॅप इन्स्टॉल केलं तर सगळ्यात ताजं येतं.

लिंकमधला आकडा कुणी बदलला पण शेजारचा 'इंटिग्रिटी'चा, म्हणजे फाइल तीच आहे ना हे पडताळणारा, लांबलचक कोड तसाच ठेवला, तर ब्राउझर ती फाइल वापरतच नाही. पान एकदम उघडंबोडकं, निळ्या लिंक आणि काळी अक्षरं. कन्सोलमध्ये याची स्पष्ट ओळ असते.

छोट्या आकड्याच्या बदलातही मोडतोड होऊ शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३.४.१ आणि ४.३.१ आले, सुरक्षेच्या कारणासाठी. तेव्हापासून टूलटिप आणि पॉपओव्हरमधलं एचटीएमएल गाळून घेतलं जातं. बाजारभावाचं छोटं टेबल पॉपओव्हरमध्ये दाखवत असाल तर टेबलाचे टॅग गाळले जातात आणि आकडे एका ओळीत सांडतात. हवे ते टॅग परवानगीच्या यादीत घाला. ही यादी ४ मध्ये 'व्हाइटलिस्ट', ५ मध्ये 'अलाउलिस्ट' या नावाने आहे. गाळणीच बंद करायचा पर्यायही आहे, पण शेतकऱ्याने किंवा ग्राहकाने भरलेला मजकूर तिथे दिसत असेल तर ती बंद करू नका.

लॅपटॉपवर ठीक आणि मालकाच्या फोनवर जुनं दिसत असेल तर कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी फाइल. सीएसएसच्या लिंकपुढे प्रश्नचिन्ह लावून नवा आकडा द्या. सोसायटीच्या जुन्या मशीनवर कुणी अजून इंटरनेट एक्सप्लोरर उघडत असेल, तर ५ तिथे चालणार नाही. त्या मशीनवर क्रोम किंवा फायरफॉक्स टाकून द्या.

हंगाम चालू आहे, आता काय?

हंगामात मागे जा. काट्यावर माणसं उभी असताना नवं व्हर्जन लावून क्लास बदलत बसणं बरोबर नाही. पान ३ चं असेल तर सीएसएस आणि जावास्क्रिप्ट दोन्ही ३.४.१, पान ४ चं असेल तर दोन्ही ४.६.२. ही त्या त्या मालिकेतली शेवटची व्हर्जन. नव्याने चिकटवलेला ५ चा एखादा फॉर्म तेवढा जुन्या क्लासमध्ये लिहून घ्या, ते काम लहान असतं. पट्टी एकदा छापून बघा.

पण तिथेच कायमचं थांबू नका. ३ साठीचा अधिकृत आधार जुलै २०१९ मध्ये संपला, ४ साठीचा १ जानेवारी २०२३ ला. आता त्यात सुरक्षेची भोकं सापडली तरी त्या मालिकांत दुरुस्ती येत नाही, आणि या साइटवर लोकांचे बँक खात्याचे आकडे असतात. मालकाला हे समजावून सांगणं आपलं काम आहे. साइट चालतेय ना, मग कशाला, असं ते म्हणतीलच. नाना-अप्पांना बसवून 'बाकी'चं उदाहरण दाखवा, लगेच पटतं.

हंगाम संपला की साइटची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तिच्यावर बदल करा. ३ वर असाल तर ४ वर थांबून मग ५ असं दोन टप्प्यांत जा. पायऱ्यांची सरकासरक आणि डावं-उजवं हे दोन्ही एकदम केलं की काय कशामुळे मोडलं ते कळत नाही. डेटाटेबलची स्वतःची बूटस्ट्रॅपसाठीची वेगळी फाइल असते, तीही व्हर्जनप्रमाणे बदला. तुमच्या स्वतःच्या सीएसएसमध्ये 'नॅवबार-डिफॉल्ट', 'मोडल डॉट इन', 'पॅनल-हेडिंग' या नावांवर लिहिलेले नियम असतील, ते शोधा. जावास्क्रिप्टमध्ये क्लास लावणाऱ्या-काढणाऱ्या ओळी शोधा.

मग ३६०, ७६८, ९९२ आणि १२०० पिक्सेल रुंदीला प्रत्येक पान उघडून बघा, आणि प्रत्येक पावती खऱ्या कागदावर छापा. साइटवर बहुतेक वेळा दोन-तीन पानं अशी असतात की ती हेडर-फूटरच्या सामाईक फाइल वापरतच नाहीत: लॉगिनचं पान, पासवर्ड विसरलात का याचं पान, आणि वेगळ्या खिडकीत उघडणारं छपाईचं पान. त्यांच्या लिंक त्यांच्यातच लिहिलेल्या असतात. सगळीकडे व्हर्जन बदललं तरी ही पानं जुन्यावर राहतात आणि महिन्याभराने तोच फोन पुन्हा येतो. पूर्ण फोल्डरमध्ये बूटस्ट्रॅप हा शब्द शोधा, जितक्या फाइल निघतील तितक्या उघडा, आणि प्रत्येकीच्या वरच्या ओळीत कॉमेंट म्हणून व्हर्जनचा पूर्ण आकडा आणि बदलाची तारीख लिहून ठेवा.